पडण्याचा सीन

४ जानेवारी

सकाळी अकराला मी अजून सोफ्यावरच होते, तेवढ्यात भाचीचा फोन. ताईची ही धाकटी. बालवाडीत शिकवायची, ते सोडून गेलं वर्षभर सिनेमा काढायच्या मागे आहे.

"मावशी, सिनेमात काम करशील?"

"माझं वजन बघितलंयस का?"

"कॅमेऱ्यासमोर नाही गं, मागे!"

तिची कंटिन्युइटीवाली म्हणे ऐनवेळी सोडून गेली. म्हणजे काय, ते तिनं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. सिनेमा एकाच दिवसाचा आहे. म्हातारे वडील आणि मुलगी सकाळी राहतं घर रिकामं करायला घेतात, आणि संध्याकाळी कुलूप लावून निघतात. पण तो एक दिवस शूट करायला महिना लागणार, आणि तोही उलटसुलट. आज वडिलांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं आणि आठवड्यानं त्याच सीनचा उरलेला तुकडा घेताना लावलेलं, असं झालं तर पडद्यावर बटण आपोआप लागलेलं दिसणार. ते होऊ न देणारी बाई म्हणजे मी.

मी म्हटलं, अगं, मला सिनेमातलं काय कळतं? ती म्हणाली, "तू आयुष्यभर आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हेच तर बघितलंस."

ते मात्र खरं. विमा कंपनीत माझं काम अपघात तपासायचं. गाडी ठोकलेली असो नाहीतर माणूस शिडीवरून पडलेला असो, अपघात खरा की बनवलेला, हे मी जाऊन ठरवायचे. मग लोक मोबाइलवरून फोटो पाठवायला लागले, आमचा विभाग बंद झाला आणि मला पुष्पगुच्छ मिळाला. त्यानंतर मी विश्रांतीच घेतेय. जरा जास्तच झाली असेल, पण पडदे ओढून झोपायला मला आवडायला लागलंय, त्यात कुणाचं काय गेलं?

नवरा दुपारी जेवायला दुकानातून आला तेव्हा त्याला सांगितलं. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. "अरे वा!" म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे सोमवारपासून ना?" मी वार सांगितलाच नव्हता. सिनेमावाले सगळं सोमवारीच सुरू करतात अशी त्याची समजूत असणार.

हो म्हणून बसले आहे खरी.

५ जानेवारी

नवऱ्यानं एक चष्मा आणून दिला. जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसणारा, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. कुणा गिऱ्हाइकानं बनवून घेतला आणि नेलाच नाही म्हणे. नंबर अगदी तंतोतंत माझा निघाला! दोन्ही डोळ्यांचा! असे योगायोग होतात.

७ जानेवारी

पहिला दिवस. पाय मोडून आले आहेत पण झोप येत नाही म्हणून हे लिहितेय.

घर एका गल्लीच्या टोकाला, दुमजली. मालक ते एक तारखेला पाडायला घेणार आहेत, तोवर आम्हाला मोकळं दिलंय. आत कपाटं, पलंग, भिंतीवर फोटोंच्या जागी उरलेले फिकट चौकोन. माणसं मोजकीच आणि एकही धड सिनेमातलं नाही. माझी सवय अशी, की कुणी स्वतःबद्दल काही सांगायला लागलं की मनात पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? आज मात्र सगळ्यांचे पुरावे डोळ्यांसमोर होते.

कॅमेरामन आधी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. म्हणून त्याचं नावच एक्स-रे. शॉट सुरू व्हायच्या आधी तो सवयीनं म्हणतो, "श्वास रोखा." आणि आम्ही सगळे रोखतो. एक शॉट इतका लांबला की मेकअपवाली लालबुंद झाली. नोकरी का सोडलीस विचारलं तर म्हणाला, "माणसं आतून बघून झाली मावशी. म्हटलं, आता बाहेरून कशी दिसतात ते बघू."

मेकअपवाली केकवर फुलं काढायची. आप्पांच्या कपाळावर आठी रंगवताना तिची जीभ बाहेर येते.

आवाज घेणारी एक बारीकशी मुलगी आहे, तिला सगळे कानसेन म्हणतात. ती कुठल्यातरी कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसायची. "लोकांच्या इतक्या शिव्या ऐकल्यात ना, मावशी, की कुणी बोलत नसलं की मला गाणं ऐकल्यासारखं वाटतं." प्रत्येक खोलीत ती आम्हाला मिनिटभर गप्प उभं करते आणि नुसती खोली रेकॉर्ड करते. प्रत्येक खोलीचा गप्पपणा वेगळा असतो म्हणे. मी आधी मनात हसले. मग स्वयंपाकघरात उभी राहिले, नंतर जिन्याखाली. खरंच वेगळा होता.

आणि भाची! सगळे तिला "बाई" म्हणतात, आणि ती आहेच बाई. "सगळ्यांनी पाणी प्यायलं का? आता कोण कोण तयार आहे?" चाळिशीतले बापये "मी, मी" म्हणतात.

वडिलांचं काम आप्पा करतायत. नाटकात उभा जन्म घालवलेला माणूस. पूर्वी तलवारबाजी करत स्टेजवर आडव्या उड्या मारायचे, हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं.

मी दिवसभर फोटो काढले. प्रत्येक शॉटनंतर खोलीचे, हातांचे, बाह्यांचे, अर्ध्या कपाचे. ऑफिसात मी एवढे फोटो मोडलेल्या गोष्टींचे काढायचे. आज एकही वस्तू मोडलेली नव्हती.

९ जानेवारी

एक्स-रे आणि कानसेन यांचं बिनसलेलं दिसतंय. मला अशा गोष्टी चटकन कळतात. दोघं एकमेकांकडे बघतच नाहीत. जेवताना कायम दोन टोकांना. ती काही बोलली की तो लगेच कॅमेऱ्याची काच पुसायला घेतो. आज तिच्या खांद्यावर त्याचं जाकीट होतं, म्हणजे थंडीत ते ओढून घेण्याइतकी ती बिनधास्त. मी भाचीला म्हटलं, दोघांना येता-जाता वेगवेगळ्या गाड्यांत बसव, कामावर परिणाम नको. ती म्हणाली, "बघते हं मावशी," आणि तोंड फिरवून खोकली.

एक्स-रेला सहज विचारलं, आधीची कंटिन्युइटीवाली कामाला कशी होती? "कोण आधीची? बाई तर पहिल्यापासून तुमचंच..." एवढं म्हणेपर्यंत कानसेनचं कोपर त्याच्या बरगडीत. "होती की रे," ती म्हणाली, "उंच. बरी होती." बघा, चक्क मारतेसुद्धा त्याला! आणि हा माणूस असा, की तयारीत बरोबर काम केलेली बाई त्याच्या ध्यानात नाही.

११ जानेवारी

आज मी माती खाल्ली.

आप्पा आणि मुलीचं काम करणारी नटी, दोघांचा मोठा सीन. छान रंगला होता. आप्पांनी कप डाव्या हातानं उचलला. काल उजव्या. मी ओरडले, "थांबा!"

सगळे थिजले. शॉट थांबवायचा हक्क फक्त भाचीचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते कळायला हवं होतं. नटीच्या डोळ्यांत आलेलं खरं पाणी माझ्यामुळे वाया गेलं. भाचीनं मला बाजूला नेलं, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मावशी, आपण हात वर करायचा. ओरडायचं नाही. बरं?"

मी "बरं" म्हटलं. वय वर्षं एकावन्न.

येताना वाटलं, ऑफिसातही मी अशीच होते का? समोरच्याचं काय चाललंय ते न बघता नुसती चूक दिसली की झडप? सोडून द्यावं का हे? आपल्या वयाला शोभतं तरी का?

घरात शिरले तर नवरा फोनवर. "ती चांगलं करतेय म्हणालीस ना? मग झालं. एखादा दिवस होतं असं. तिला काही बोलू नकोस," असं काहीतरी. मला बघून फोन ठेवला. कोण होतं? तर म्हणे दुकानातली मुलगी, नव्या हाताखालच्या पोरीची तक्रार करत होती. नोकरमाणसांशी हा फारच मऊ वागतो. डोक्यावर बसतील एक दिवस.

उद्या जायचंय. जाते. कप उजव्या हातातच.

१५ जानेवारी

काय दिवस गेला! ठरवलं होतं त्याच्या दुप्पट काम झालं. भाचीनं टाळ्या वाजवून उड्या मारल्या आणि मग एकदम दिग्दर्शक असल्याचं आठवून गंभीर झाली. आता मला सिनेमा दिसायला लागलाय. पूर्वी फक्त बटणं दिसायची. बापलेकीत दिवसभर कुरबुर चालते, ही म्हणते टाकून द्या, तो म्हणतो राहू दे, आणि एकाही वाक्यात दोघं मनातलं बोलत नाहीत. आमच्या घरीही चालतं तसं काहीसं.

एकच गालबोट. परवा एक शॉट आहे, वडील स्टुलावर चढून कपाटावरची जुनी बॅग काढतात. भाची एक्स-रेला म्हणाली, "तिथे दुसरं कुणीतरी घेऊ, पाठमोरं. या वयात आप्पांना स्टुलावर नको चढवायला." आप्पा दाराआड कपडे बदलत होते. बाहेर आले, जेवायला बसले आणि डबा अर्धा तसाच ठेवला.

१७ जानेवारी

आजचं लिहूनच ठेवते.

चार वाजता सगळे अंगणात चहा घेत होतो. आप्पा आत होते. आधी काहीतरी घसरल्याचा आवाज, मग धपकन. आणि कुणी जागचं हलायच्या आत आतून आप्पांचा आवाज, "काही नाही, काही नाही!"

मागचं दार अडकलेलं, म्हणून घराला वळसा घालून पुढून धावलो. आप्पा जिन्याच्या शेवटच्या पायरीशी बसलेले, उजवा हात डाव्यात धरलेला, हनुवटीवर लाल वळ, केसांत धूळ. "जिन्यावरून घसरलो. काही झालेलं नाही. चला, पुढचा सीन." एक्स-रेनं मनगटाकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, "मोडलंय, आप्पा."

त्यानं आणि नवऱ्यानं त्यांना हॉस्पिटलात नेलं. नवरा कुठून आला? जवळच चष्मा पोचवायला आला होता म्हणे. चारही दिशांना गिऱ्हाइकं झालीत याची. पण आला ते बरं झालं.

सहा आठवडे प्लास्टर. घर एक तारखेला पडणार. आणि सिनेमातला दिवस एकच, त्यात सकाळी धडधाकट असलेल्या वडिलांच्या हाताला दुपारी प्लास्टर कुठून येणार? भाची पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "संपलं, मावशी. वर्षभर सगळ्यांना गोळा केलं आणि संपलं." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

१८ जानेवारी

शूटिंग बंद. तरी सकाळी उठून घरी गेले. त्या घरी, म्हणजे. का, ते मलाच माहीत नाही. पाय वळले.

जिना बघितला. पायऱ्यांवर धूळ होती आणि घसरल्याची खूण एकही नव्हती. वरच्या झोपायच्या खोलीत गेले. फोटो काढून लावून बघितले. माझ्या फोटोत स्टूल कपाटाला सरळ लागून, आता तिरकं. बॅग कपाटाच्या कडेशी चार बोटं पुढे आलेली. कपाटावरच्या धुळीत तळहाताचा ठसा.

तिथून आप्पांच्या घरी. त्यांनीच दार उघडलं, डाव्या हातानं.

"आप्पा, जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या केसांत कपाटावरची धूळ कशी येते?"

त्यांनी डाव्या हातानं केस चाचपले. "तुम्ही पोलिसात होता का हो?"

"विम्यात."

"त्याहून वाईट," म्हणाले आणि आत या म्हणाले.

मग सगळं सांगितलं. जमतंय का, ते एकदा एकट्यानं करून बघायचं होतं. जमलं असतं तर बाईसमोर करून दाखवणार होते. बॅगेला हात लागला आणि स्टूल सरकलं. "मग उठून खाली जिन्यापर्यंत गेलात? मोडलेल्या हातानं?" तर म्हणाले, "स्टुलाशी सापडलो असतो तर सगळे म्हणाले असते, बघा, म्हणूनच दुसरा माणूस घेत होतो. जिन्यावरून कुणीही पडतं. त्याला वय लागत नाही."

पूर्वीची मी असते तर बाहेर पडून एका ओळीत निकाल दिला असता, हकीकत खोटी. आज मी त्यांच्यासाठी चहा केला. साखर कुठल्या डब्यात हे ते डाव्या हातानं दाखवत होते.

परत येताना सिग्नलला थांबले होते आणि एकदम डोक्यात उजेड पडला. दिवा हिरवा झाला तरी मी तशीच. मागचे हॉर्न वाजवून थकले. अहो, बॅग काढताना म्हातारा पडतो! सिनेमातलाच म्हातारा पडतो! भर दुपारी पडेल, दवाखान्यात जाईल, प्लास्टर घालून परत येईल, आणि संध्याकाळ व्हायचीच असेल अजून. बसतंय एका दिवसात! सगळं बसतंय!

मी गाडी भाचीच्या घराकडे वळवली. चुकीच्या बाजूनं वळवली, हे कुणाला सांगू नये.

१९ जानेवारी

भाचीनं सगळ्यांना बोलावलं आणि टाळी वाजवली. "गोल करा." सगळ्यांनी जमिनीवर खरोखर गोल केला, आप्पासुद्धा, गळ्यात हात अडकवून.

आप्पा का पडले, ते मी भाचीला सांगितलं नव्हतं. ते त्यांचं होतं. पण मी पडण्याचा सीन सांगायला सुरुवात केली तशी त्यांनी डावा हात वर केला. "बाई, मी जिन्यावरून नाही पडलो. स्टुलावरून पडलो. तुम्ही दुसरा माणूस घेणार होता, ते मला लागलं."

भाची उठून त्यांच्यासमोर जाऊन बसली. "मी तुम्हालाच विचारायला हवं होतं, आप्पा. तुमच्या पाठीमागे ठरवलं. चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं," आप्पा म्हणाले, "पण आता दुसऱ्या कुणाला पडायला देऊ नका. हे पडणं माझं आहे."

मग मी सगळे फोटो जमिनीवर मांडले. ज्या सीनमध्ये आप्पांचे दोन्ही हात धड आहेत ते अलीकडे, अजून व्हायचे ते पलीकडे. मधली फट शोधत आम्ही सगळे रांगत होतो. कानसेनला सापडली. जेवणानंतर मुलगी स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळते, बरोबर तिथे. आधी काढलेल्यातलं फक्त एकच छोटं दुपारचं दृश्य टाकून द्यावं लागेल. भाचीला शेवटही नवा सुचला. कुलूप वडील लावणार होते, आता त्यांना लावता येणार नाही. दिवसभर भांडलेली मुलगी त्यांच्या कोटाची बटणं लावेल आणि किल्ली स्वतःच्या हातात घेईल. ती बोलत होती आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी चित्र काढताना व्हायचे तसे.

काय हे आयुष्य! बावीस वर्षं खोटे अपघात पकडले आणि आता एक चांगलासा रचायला घेतलाय.

२१ जानेवारी

रचणं सोपं नाही हो. आप्पांना खरं पाडता येणार नाही, म्हणून पडणं दिसणार नाही, नुसतं ऐकू येणार. कॅमेरा स्वयंपाकघरातल्या मुलीच्या चेहऱ्यावर. पण मग आवाज खरा हवा. कानसेननं कपड्यांचं गाठोडं टाकून बघितलं. मी मान हलवली. माणूस गाठोड्यासारखा एकदम नाही पडत. आधी स्टुलाचा पाय किरकिरतो. मग हात कशाला तरी धरायला जातो, ते धरलेलं खाली येतं. मग हात, मग कंबर, मग खांदा. आणि त्यानंतर क्षणभर काही नाही. पडलेल्यालाच आधी पटत नाही.

"मी पडतो," एक्स-रे म्हणाला. पातळ सतरंजीवर पडला. पुन्हा पडला. चार-पाच वेळा पडल्यावर कानसेननं कानांवरचं काढून आपटलं आणि त्याच्यावर ओरडली, "बास झालं! लागलं म्हणजे?" रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. तो तसाच जमिनीवर पडून हसत होता. इतकी धुसफूस आणि तरी काम चोख, याचं मला कौतुक वाटतं.

आवाज मात्र मिळाला. मी डोळे मिटून ऐकला आणि अंगावर काटा आला.

दुसरी भानगड हनुवटीची. आप्पांचा खरा वळ आता पिवळा-हिरवा पडलाय, आणि सिनेमात तो तासाभरापूर्वीचा हवा. काल पडलो म्हणत पिवळा डाग दाखवणारे मी कितीतरी परत पाठवले होते. केकवालीच्या डोक्याशी उभी राहून मी रंग सांगत गेले, लाल, अजून लाल, कडेला जरा जांभळं. ती म्हणाली, "हा तर बेरीचा केक झाला." आप्पा म्हणाले, "हनुवटी आहे माझी, जरा मान राखा."

२३ जानेवारी

आज घेतला.

आधी वरच्या खोलीत आप्पा स्टुलावर चढले. खरे चढले. एक्स-रेनं कपाटाचं दार असं उघडून ठेवलं की प्लास्टर त्याच्याआड, आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आम्ही चौघं हात पसरून. वर पोचल्यावर त्यांनी डाव्या हातानं बॅगेला स्पर्श केला आणि क्षणभर असे काही उभे राहिले, की मला वाटलं हे आता तलवार उपसणार. भाची हळूच म्हणाली, "छान. आता उतरा." खाली आले तेव्हा चेहऱ्यावर दहा वर्षं कमी झालेली.

मग खाली स्वयंपाकघर. नटी भांडी गुंडाळतेय. आवाज कधी येणार ते तिला सांगितलं नव्हतं. आप्पा दाराआड माझ्याशेजारी उभे. मी त्यांना आदल्या दिवशी एकच सांगितलं होतं. खोटं पडणारा ओरडतो. खरं पडलेला माणूस कुणी विचारायच्या आत सांगतो की काही झालं नाही. "तुम्हीसुद्धा तेच केलंत," मी म्हटलं. त्यांना आठवतच नव्हतं.

कानसेननं आवाज सोडला. किर्र, धप, धप. नटीच्या हातातली बशी हवेत. मग ती पोकळी, जी परवा सतरंजीवर होती. आणि आप्पा अगदी साध्या, जरा घाईच्या आवाजात म्हणाले, "काही नाही. काही नाही."

नटीनं बशी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली, नीट. आणि मग धावली. कुणीच तिला तसं सांगितलं नव्हतं.

भाची "कट" म्हणायला विसरली. केकवाली रडत होती. मी बशी कुठे ठेवली त्याचा फोटो काढायला हवा होता. पहिल्यांदाच काढला नाही.

३० जानेवारी

शेवटचा शॉट संपला. मुलीनं कोटाचं शेवटचं बटण लावलं, बाप तिच्या भांगाकडे बघत राहिला, कुलूप लागलं. भाचीनं जाहीर केलं, "झालं! सगळ्यांनी खूप छान काम केलं!" आणि त्यानंतर जो दंगा झाला तो लिहिता यायचा नाही. आप्पांच्या प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या. केकवालीनं खरा केक आणला होता. मी नाचले. गुडघा आता बोलतोय, बोलू दे.

गाड्या भरताना पाहिलं, एक्स-रे आणि कानसेन गाडीच्या मागे हातात हात घालून उभे. चला, मिटलं एकदाचं भांडण. मी भाचीला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. थकली होती बिचारी.

पडदे धुवायला टाकलेत. आता त्या खोलीत बाराही महिने ऊन येईल, सोफ्याचा रंग उडेल. उडू दे.

१२ एप्रिल

आज सिनेमा पाहिला. छोटंसं सभागृह, आम्ही सगळे आणि आमच्या घरची माणसं. मी नवऱ्याशेजारी बसले. त्याला मी पडण्याचा सीन इतक्या वेळा सांगितलाय की तो कंटाळून दुकानात जाऊन बसायचा. आवाज कसा केला, बशी, प्लास्टर, दार, सगळं त्याला पाठ.

अंधार झाला. बटणं सगळी जागच्या जागी होती. पण खरं सांगायचं तर थोड्या वेळानं मी बटणं बघायची विसरले.

किर्र. धप, धप. "काही नाही. काही नाही."

आणि माझा नवरा खुर्चीतून उठला. पुरता नाही, अर्धा. एक हात पुढे, कुणाला तरी धरायला निघाल्यासारखा, तोंड उघडं. पडद्यावर नटी धावत जिना चढली तरी हा तसाच वाकलेला. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा." तेव्हा कुठे बसला.

मी त्याचा हात धरला. गार पडला होता.

संपल्यावर टाळ्या थांबेनात. आप्पा तीनदा उठून वाकले. बाहेर एक अनोळखी बाई भाचीला विचारत होती, हा पडण्याचा सीन कुणी बसवला, आमच्या पुढच्या सिनेमासाठी त्यांना विचारायचंय. भाचीनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईनं माझा नंबर घेतला. माझा! मी आकडे दोनदा चुकले.

भाची माझ्या गळ्यात पडली आणि मग नवऱ्याच्याही, आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. तो चष्मा काढून पुसायला लागला.

घरी येताना गाडीत विचारलं, "उठलास का रे मध्येच?"

"पायाला मुंग्या आल्या होत्या."

"आणि डोळे का लाल?"

"त्या खुर्च्यांची धूळ."

मी नुसती हसले. बिचारा. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला, पण माझ्यापासून एक गोष्ट लपवता येईल तर शपथ.